मीटरशेजारचा मारुती

सायकलच्या मीटरवर शून्य होतं आणि ते काही केल्या हलत नव्हतं.

बंडूजींनी पुढचं चाक उचलून हाताने पुन्हा जोरात फिरवलं. आरे दिसेनासे झाले, वारा शोभाबाईंच्या पायाला लागला, पण हँडलवरच्या त्या आगपेटीएवढ्या काचेत शून्य ते शून्यच. खालचं घड्याळ मात्र शहाण्यासारखं चालू होतं.

"सेल त नवाच हाय," बंडूजी म्हणाले. बोरगाव मेघेला त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि शोभाबाईंच्या रुचिकाला रेसची सायकल शिकवली ती त्यांनीच. "घरून निघताना चालू होतं का व?"

"काल सांजेले मस्त चालू होतं, काका," रुचिका म्हणाली. "आज त सायकल टेम्पोतच आणली. चाक फिरलंच कुठं?"

शोभाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

देवळी रोडवर चुन्याची पांढरी रेघ मारली होती. जिल्ह्याची निवड चाचणी. एकेका मुलीला रेघेवरून सोडायचं, तिने एकटीने पुढच्या गावापर्यंत जाऊन वळायचं आणि परत यायचं, आणि ज्या चौघींना वेळ सगळ्यात कमी लागेल त्या राज्याच्या शिबिराला जाणार. रुचिकाचं वय पुढच्या वर्षी या गटात बसणार नव्हतं. म्हणजे आज झालं तर झालं, नाही तर नालवाडीच्या दुकानात बापाच्या शेजारी बसून साखर तोलायला ती मोकळी.

आणि खरं सांगायचं तर शोभाबाईंना साखर तोलणारी मुलगी चालली असती. चांगली धडधाकट, डोळ्यांसमोर बसलेली.

मागच्या वर्षी याच रस्त्यावर त्यांनी तिला डांबरावर पडलेली पाहिली होती. पोरगी निघाली तीच अंगात वारं शिरल्यासारखी. आपण किती जोरात चाललो हे तिच्या पायांना कळतच नसे. जाताना सगळा जीव ओतून बसली आणि येताना, ऑक्टोबरच्या त्या उन्हात, डोळे पांढरे करून आडवी झाली. दवाखान्यात सलाईन लागलं. शुद्धीवर आल्यावर पोरीने आधी विचारलं काय, तर माझा नंबर कितवा आला. शोभाबाईंना तेव्हा तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली होती आणि तिला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं होतं. दोन्ही राहून गेलं.

मग त्यांच्या भावाच्या मुलाने, पियुषने, पुण्याहून हे मीटर पाठवलं. वायर नाही, काही नाही. चाकाच्या एका आऱ्याला बारीक चुंबक, समोरच्या दांडीला काळी डबी, चुंबक डबीसमोरून गेला की डबी आपली हवेतूनच वर खबर देते. बंडूजींनी नेम घालून दिला: जाताना वेगाचा आकडा तीसच्या वर नाही म्हणजे नाही. वर्षभर रुचिका त्या आकड्याच्या धाकात राहिली. आईला जे एकोणीस वर्षांत जमलं नाही, ते त्या डबीने करून दाखवलं.

पण आईचा जीव डबीवर भागतो होय? आज पहाटे रुचिका आंघोळीला गेली, तेव्हा शोभाबाईंनी लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटवलेला मारुती काढला. जत्रेतून आणलेला, रुपयाएवढा, शेंदरी. सायकलवर कुठे दिसेल असा लावला तर पोरगी म्हणणार, "आई, माह्या मैत्रिणी हासतीन." म्हणून त्यांनी तो पुढच्या दांडीला आतल्या बाजूने, त्या काळ्या डबीला अगदी खेटून लावला. "पोरीले सांभाळ रे बाप्पा," त्या पुटपुटल्या, आणि देव चटकन चिकटला. वर त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली. डबीलाही तसलीच पट्टी होती, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

पहिली मुलगी शिट्टीसरशी निघाली. रुचिकाच्या आधी अजून चार होत्या.

बंडूजी गुडघ्यावर बसले. त्यांनी आऱ्यावरचा चुंबक वर सरकवून डबीच्या नेमका समोर आणला. चाक फिरवलं. शून्य. मधली फट कमी केली, इतकी की आगपेटीची काडी जेमतेम जाईल. शून्य. पंचांच्या खिशात मोबाईल होता, त्याची लहर आड येत असेल म्हणून सायकल पार बाभळीखाली नेली. तिथेही शून्यच. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

"पट्टी काढूनच पाहतो," म्हणत त्यांनी नख घातलं.

शोभाबाई झटकन एक पाऊल पुढे सरकल्या.

"नका काढू, काका!" रुचिका घाईने म्हणाली. "डबी एकडाव हालली की मंग बसत नाई. राहू द्या तशीच."

बंडूजींनी हात मागे घेतला. शोभाबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरीने नकळत आपली लाज राखली, असं त्यांना वाटलं.

बंडूजींनी मग आऱ्यावरचा चुंबक सोडवून हातात घेतला, डबीजवळ नेला, दूर केला, पुन्हा जवळ नेला, आणि कान लावून ऐकत राहिले.

"आतमंधी बारीक कडी असते, वैनी. चुंबक आला का लागते, गेला का सुटते. टिक टिक आवाज येते. हे कडी लागली ते सुटूनच नाई राह्यली. म्हंजे बाजूले चुंबक चिकटवून ठेवल्यासारखीच गत हाये," ते म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "पन इथं दुसरा चुंबक येईन कुठून? डबीच गेली म्हना."

शोभाबाईंच्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं. मारुती कपाटाला वर्षानुवर्षं कशाने चिकटून होता? डिंकाने तर नाही.

त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बंडूजी उठून उभे राहिले.

"वैनी, मीटर नाई त मी हिले आज सोडत नाई. मांगच्या वर्षीचं डोळ्यानं पाह्यलं हाय मी. नाव मांगं घेतो."

शोभाबाईंचं तोंड मिटलं.

नाव मागे. म्हणजे आज ऊन नाही, डांबर नाही, सलाईन नाही. तासाभरात पोरगी घरी, ताटावर. दोन दिवस रुसेल, चार दिवस बोलणार नाही, मग येईल ताळ्यावर. आणि हे सगळं व्हायला त्यांना काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मारुतीने आपलं गाऱ्हाणं असं ऐकलं म्हणायचं! त्यांनी मनातल्या मनात हात जोडलेसुद्धा. जोडले, आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली, कारण समोर रुचिका शून्याकडे बघत उभी होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. लहानपणी दिवाळीतला फुलबाजा विझला की अशीच थरथरायची.

चौथी मुलगी गेली. मग पाचवी.

रुचिकाने नाक पुसलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

"मी जातो, काका."

"अवं, पन मीटर..."

"नसू द्या मीटर. जशी जमंन तशी जातो. पडलो त पडलो."

पडलो तर पडलो! शोभाबाईंच्या डोळ्यांसमोर ते डांबर आलं, ते पांढरे डोळे आले. आता गप्प बसण्याचा अर्थच उलटा झाला होता. पोरगी थांबणार नव्हती, आणि जिने तिला थांबवायचं ती डबी आपण आपल्या हाताने मुकी केली होती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

"थांब व," त्या म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पंचांनीही वळून पाहिलं.

त्या सायकलपाशी खाली बसल्या. पट्टीचं टोक सापडेना. शिट्टी हातात धरून पंच ओरडले, "पुढची मुलगी रेघेवर!" शोभाबाईंनी पट्टीला सरळ दात लावले आणि ओढली. देवाला हात लावताना त्यांची बोटं थबकली. भरवशाने बसवलेला देव आपल्याच हाताने उठवायचा, आणि तोही ऐन वेळेला. "माफ कर रे बाप्पा, पन बाजूले हो," असं पुटपुटून त्यांनी मारुती उपटला आणि मुठीत घेतला.

बंडूजी एकदा त्या मुठीकडे आणि एकदा शोभाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी आऱ्यावर चुंबक बसवला आणि चाक फिरवलं.

नऊ. सतरा. चोवीस.

रुचिका आईकडे न बघता रेघेवर गेली. शिट्टी झाली.

त्यापुढचा वेळ शोभाबाईंनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. बंडूजींनी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. आधी गेलेल्या मुली एकेक करून परत येऊ लागल्या. एक रेघ ओलांडून ओकली. दुसरीला दोघांनी धरून उतरवलं. शोभाबाई रस्त्याच्या वळणाकडे बघत होत्या आणि मूठ आवळत होत्या. देव आता कपाटावर नव्हता, सायकलवरही नव्हता, त्यामुळे तो नक्की कोणाला सांभाळतो आहे, तेही त्यांना कळेना.

वळणावर लाल हेल्मेट दिसलं. डोकं खाली, पाठ सपाट, चाक सरळ. रेघ ओलांडून रुचिका थोडी पुढे गेली, वळून आली आणि आपल्या पायांनी खाली उतरली.

"तिसरी!" बंडूजी घड्याळ बघून ओरडले. "मांगं कोनीच नाई आता. तिसरी व, वैनी!"

रुचिका धापा टाकत आईपुढे येऊन उभी राहिली.

"मुठीत काय हाय?"

शोभाबाईंनी मूठ उघडली. तळव्यावर मारुतीचा गोल वळ उठला होता.

"सकाळीच दिसली होती मले पट्टी," रुचिका म्हणाली. "वाटलं, अंगारा बांधला असशीन. म्हून त काकाले काढू नाई देल्ली."

शोभाबाईंनी पदराने पोरीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं पुसलं.

"शिबिराले नेजो मंग याले संगं," त्या शेवटी म्हणाल्या. "मीटरपासून दूर लावजो. सीटखाली."

"देवाले बुडाखाली?" रुचिका हसली, आणि हसताना तिला ठसका लागला. तिने आईच्या तळव्यावर मारुती नीट मधोमध ठेवला आणि एकेक करून आईची बोटं मिटवली.

"तुह्यापाशीच राहू दे, आई. भेव तुलेच वाटते."