कय्यूमचा भोंगा

घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यानं बिलाच्या ऑफिसातल्या लोकायले लॅपटॉप देऊन घरी धाडलं, तवा कय्यूमले वाटलं, चला, मजा आहे. हप्त्याभरात मजेचं भुस्कट झालं. लॅपटॉप बायकोच्या, शकिलाच्या शिलाई मशीनवर. ती मास्क शिवाले बसली का हा उचलून पलंगावर. सकाळ कोणती, दुपार कोणती, काही समजेना. कोरोनात गेटवर गर्दी नको म्हणून कारखान्यानं पाळ्या तोडल्या होत्या, अन् पाळी सुटल्याचा भोंगाच बंद केला होता.

ऑफिसात बाजूच्या टेबलावरचा दसरू तर भोंग्याशिवाय खुर्चीतून उठतच नसे. काम संपलं तरी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहे. आता तो कोरपन्याले, आपल्या घरी. त्याच्या बायकोचा, केसरबाईचा फोन आला, "भाऊ, हे अंधार पडला तरी लॅपटॉपपुढून हलत नाई. जेवाले या म्हटलं तर म्हणते, भोंगा कुठी झाला?"

कय्यूमच्या डोक्यात किडा वळवळला. संध्याकाळी त्यानं दसरूले फोन लावला, छाती भरून घेतली अन् तोंडानंच दिला, "भोंऽऽऽऽ!"

शकिला दचकली. "या अल्ला! सुई बोटात गेली असती ना!"

तिकून दसरू खदखदून हसला. "सुटलो रे भाईजान! काऊन उशीर केला?"

"तुले साहेबानं ओव्हरटाइम लावला."

मग रोजचंच झालं. बाजूची बाई त्या भोंग्यावर भाताचं आधण ठेवाले लागली.

अन् दसरूले ताप आला. चंद्रपूरले दवाखान्यात भरती केलं. केसरबाईले आत जाऊ देत नव्हते. ती बाहेर झाडाखाली बसून राहे. फोन दसरूच्या उशाशी. कय्यूमचा भोंगा चुकला नाई.

"जोरानं दे बे," दसरू धापा टाकत म्हणे. "इथी मशिनीचा आवाज लय आहे."

एका संध्याकाळी कय्यूमनं छाती भरली, अन् तिकून बाईचा आवाज आला.

"भाऊ, मी केसर. दुपारीच गेले. फोन आता माह्या हातात दिला."

हवा छातीतच राह्यली. "वहिनी..."

"त्याहिले न्याची गाडी उभी आहे. लांबूनच दाखवून राह्यले मले. भाऊ, ते असे उठाचे नाई. तुमी भोंगा द्या. हा घ्या, फोन गाडीकडं केला."

शकिलानं मशीन थांबवली. कय्यूमनं फोन तोंडाशी नेला. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. मग फाटका, खरखरता आवाज, अन् तोही मधातच तुटला.

शकिला उठली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पूरा द्या. अर्ध्यावर नका सोडू त्याहिले."

कय्यूमनं डोळे मिटले अन् पूरा दिला. लांब, दम संपेपर्यंत.

बाजूच्या घरी रोजच्यासारखं आधण चढलं.