साडीची म्हैस

माझी म्हैस गुंडाच्या बेदाण्याच्या शेडला बांधलेली सापडली, आणि गुंडा म्हणाला, ती त्याची आहे.

"गेल्या साली तासगावच्या बाजारातनं हरवली ती हीच, आप्पा. आपल्या पायानं घरी आली. आता जनावर खोटं बोलतंय व्हय?"

"दावं तोडून पळालीया ती माज्या गोठ्यातनं."

"मग तुमच्या गोठ्यात करमत नसंल तिला."

ते मात्र खरं होतं. माझी बायको चंद्रा श्रावणात गेली. तेव्हापासून त्या गोठ्यात कुणालाच करमत नव्हतं.

प्रकरण तंटामुक्ती समितीपुढं गेलं. अध्यक्ष दस्तगीर सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, पुरावा दाखवल्याशिवाय दिवस उगवला हेसुद्धा मान्य करायचे नाहीत. ग्रामपंचायतीसमोर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. म्हैस खुंट्याला बांधली. निम्मं गाव गोळा झालं.

"सबूत दाखवा," सुभेदार म्हणाले.

गुंडानं मोबाइल पुढं केला. त्याच्या पोरीच्या, अंकिताच्या, साखरपुड्याचा फोटो. अंकिताच्या मागं एका म्हशीचं ढुंगण आणि शेपूट. मी माझा फोटो दाखवला. त्यात चंद्रा होती आणि तिच्या खांद्यावरून आलेलं एक शिंग.

सुभेदारांनी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. "ह्यात शेपूट, त्यात शिंग. दोनी जोडलं तर एक म्हैस व्हतीया. काय करू, निम्मी निम्मी वाटू?"

कानातला बिल्ला तारेत अडकून कधीच तुटला होता. रेडकू आषाढात मेलं, नाहीतर तेच साक्षीला आलं असतं.

मग मी सांगायचं नव्हतं ते सांगितलं. ही म्हैस फक्त चंद्राला पान्हा सोडायची. चंद्रा गेल्यावर तिनं कासेला हात लावू दिला नाही. कास दगडासारखी झाली. शेवटी चंद्राची साडी नेसून धारेला बसलो, तेव्हा कुठं सोडला. तेव्हापासून रोज नेसतो. दार लावून.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"तुज्याकडं दिलं का रं दूध?" सुभेदारांनी गुंडाला विचारलं.

"आटलीया ती."

सुभेदारांनी तटतटलेल्या कासेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नेसून दाखवा."

घरी जाऊन चरवी आणि साडी आणली. साडी हिरवी, काठाला फाटलेली. मी ती अजून धुतली नव्हती. लेंग्यावरूनच नेसायला लागलो, तशी शेजारची अंबूबाई पुढं आली. "निऱ्या अशा न्हाईत, आप्पा. चंद्रा डावीकडं खोचायची." तिनं सगळ्यांसमोर खोचून दिल्या. मी बसलो. म्हशीनं पदर हुंगला आणि पान्हा सोडला. चरवीत धार वाजली. सुभेदारांनी हात वर करून मला तिथंच थांबवलं.

"झालं की," मी म्हणालो.

"काय झालं?" गुंडा म्हणाला. "साडी बगितली, सोडला पान्हा. कुनाचीबी साडी चालत असंल."

सुभेदारांना हे पटलं. गुंडानंही साडी नेसावी, असं ठरलं. त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, साफ सांगितलं, "माजी चांगली साडी शेणात लोळवायला न्हाई." तिनं जुनी दिली. गुंडा नेसून बसला. म्हशीनं लाथ घातली. चरवी गटारात गेली, गुंडा तिच्यामागोमाग.

उठून त्यानं तोंड पुसलं. "न्याय म्हनताय तर मला चंद्राकाकूची साडी द्या. मग बगू, म्हैस मानूस वळखती का कापड."

मला ती द्यायची नव्हती. तिला अजून मशेरीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता.

"न्हाई दिली तर पुरावा दडवल्यासारखं व्हईल, आप्पा," सुभेदार हळू बोलले.

मी साडी सोडून दिली. अंबूबाईनं त्याच्याही निऱ्या डावीकडं खोचल्या. अंगावर माश्या बसत होत्या म्हणून गुंडानं पदर डोक्यावरून घेतला आणि धुतलेली चरवी घेऊन बसला. म्हशीनं हुंगलं आणि पान्हा सोडला.

"बगा," गुंडा म्हणाला. "माजीच हाय."

"तुजी न्हाई," सुभेदार म्हणाले. "आप्पांचीबी न्हाई. म्हैस साडीची हाय, येवढंच सिद्ध झालंय. आता सांग, साडी कुनाची?"

"चंद्राकाकूची."

"आन् चंद्राबाई कुनाची?"

"आवं, आप्पांची की. रोज सकाळी ह्यांच्या नावानं वरडायची, पार माज्या बागंपत्तुर ऐकू यायचं. दुसरीच्या नवऱ्याला येवढ्या शिव्या घालंल व्हय कोन?"

गुंडा बोलून गेला. शालूबाईनं कपाळावर हात मारला.

"केस खतम," सुभेदार उठले. "म्हैस आप्पांची. गुंडा, साडी सोड."

गुंडा तसाच बसून होता. धार चालूच होती, हात चांगला होता त्याचा. मी पाठीमागं उभा होतो. उन्हं उतरली होती. डोक्यावर हिरवा पदर, निऱ्या डावीकडं, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलेलं.

तो उठायला लागला.

"बस," मी म्हणालो.

"आवं, तुमची ठरली न्हवं म्हैस?"

"ठरली. धार निम्म्यात सोडू नगंस." मी जवळ गेलो नाही. "बस तसाच. मागं वळू नगं. सावकाश काढ."