हिरव्या वाडग्याची बाई

माझ्या मोठ्या जाऊबाई, शुभदावहिनी, ॲडलेडच्या एका आर्ट गॅलरीत राखणीला बसतात. त्यांच्या खोलीत व्हिक्टोरियन काळातलं एक चित्र आहे. ग्रीक पुराणातली चेटकीण पाण्यावर उभी राहून वाडग्यातलं हिरवंगार विष खाली ओततेय. का, तर तिला हवा होता तो पुरुष दुसरीवर भाळला, आणि ती दुसरी त्याच पाण्यात अंघोळीला येणार. मला दिवस गेल्यावर वहिनी मुद्दाम मला ते दाखवायला घेऊन गेल्या. "बघ ना, किती सुंदर आहे!" काय तरी एकेकाची आवड! पोटुशीला दाखवायचं चित्र आहे का ते? तेव्हापासून ते हिरवं पाणी माझ्या स्वप्नात यायला लागलं.

आठव्या महिन्यात बाळाचं हलणं मंदावलं. हॉस्पिटलात ठोके तपासले आणि "ऑल गुड, नो वरीज" म्हणून घरी पाठवलं. त्यांना काय जातंय म्हणायला! याआधी दोनदा माझी कूस रिकामी झाली होती. मी पोटावर हात ठेवून नुसती वाट बघत बसले.

साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर फर्मान काढलं, "नीरजाची दृष्ट काढा. घरातल्या थोरलीनेच काढायची." थोरली म्हणजे वहिनी. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांना मूल नाही. तरी मी बसले खुर्चीवर.

वहिनींनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या, "आल्यागेल्याची दृष्ट निघो" म्हणत तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या, पण ठसका म्हणून नाही. आणि ठसका लागला नाही की दृष्ट जबर, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

वहिनी मटकन खाली बसल्या. "माझीच आहे गं, नीरजा. तुझं पोट बघितलं की आत जळतं. त्या बाईसमोर बसून रोज हेच मनात घोळवते मी. ती पाण्याकडे बघते ना? हल्ली माझ्याकडे बघते."

तेवढ्यात मला घरघर ऐकू आली. शेगडीवरचा एक्झॉस्ट चालू होता! फोडणी दिली की भाड्याच्या घरातला धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून शेगडी पेटवायच्या आधी आम्ही एक्झॉस्ट लावतोच. वहिनींनी सवयीने लावला होता. धूर सगळा वरच्यावर गेला होता.

मी उठून तो पंखा बंद केला, तव्यावर आणखी चार मिरच्या टाकल्या. असा खकाणा उठला म्हणता! दोघी खोकून बेजार, अलार्म किंचाळायला लागला, आणि पोटात सणसणीत लाथ बसली.

"हललं! वहिनी, हललं!" मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

वहिनीही डोळे पुसत हसल्या. बोलून मोकळ्या झाल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी हात पुढे केला. "ठेवू?"

एक्झॉस्ट बंद केला, पण ऐकलेलं कसं बंद करायचं? मी ओढणी पोटावर ओढून घेतली.

"नको, वहिनी."

त्यांचा हात तसाच राहिला, मग खाली गेला. विष ओतायच्या आधी ती चित्रातली बाई कशी दिसत असेल, ते मला तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसलं.