निरोपात नव्हतं ते

"तिसरा पर्याय," मीना म्हणाली, आणि लगेच, "न्हाई सर, दुसरा."

"एकदाचं ठरव बाई. परीक्षेत दोन्ही गोल काळे करता येत नाहीत."

वर्ग हसला. मीना हसली नाही. शिक्षक पात्रता परीक्षेत ती दोनदा हुकली होती, दोन्ही वेळा दोन-तीन गुणांनी आणि दोन्ही वेळा अशाच उताऱ्यांच्या प्रश्नांत. 'या बारीला न्हाई झालं तर वावरात जाईन,' असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानावर माझा क्लास आहे. बाहेर पाटीवर 'विजयकुमार सर' हे नाव माझ्या कर्तृत्वापेक्षा बरंच मोठं रंगवलंय. दर रविवारी मीनाबरोबर तांड्यावरून तिचे आजोबा यायचे, थावराबाबा. ती त्यांना दादा म्हणायची. काठी आडवी ठेवून ते दाराशी बसत. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. म्हातारा पंख्याच्या वाऱ्याला बसतो, असा माझा समज.

मी उतारा पुन्हा मोठ्यानं वाचला. गावानं बांध घालून पाणी अडवलं, विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं, त्याच सुमारास शहरात गेलेले काही तरुण गावी परतले. उताऱ्यावरून काय म्हणता येईल? पर्याय दुसरा: पाणी झालं म्हणून तरुण गावी परतले. पर्याय तिसरा: पाणी झालं, आणि काही तरुण गावी परतले.

"दुसरा," मी ठणकावून सांगितलं. "तिसऱ्यात नुसती माहिती आहे. दुसऱ्यात कारण आहे."

"सर," दारातून आवाज आला. "त्या लिहिणाऱ्यानं पोरं आली म्हणलं. काहून आली, ते म्हणलं का?"

मी उतारा पाहिला. पुन्हा पाहिला. मग मागच्या पानावरची उत्तरं पाहिली. तिसरा. बारा वर्षं मी हेच शिकवतोय, आणि भर वर्गात माझे कान तापले.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"म्या निरोप्या होतो," ते म्हणाले. फोन नव्हते तेव्हा या तांड्यावरून त्या तांड्यावर लग्नाचा, मरणाचा, भांडणाचा निरोप ते पायी नेत. पार सेनगावकडच्या साखऱ्यापर्यंत. "जेवढं तोंडात दिलं तेवढंच न्यायचं. निरोप सांगस्तोर पाणी प्यायचं न्हाई. पाणी पेलं की माणूस पाहुणा होतो. मंग गोड बोलू वाटतं."

"कधी चूक झाली नाही?"

त्यांनी काठीवरून हात फिरवला.

"एकदा. आमच्या तांड्यावरची पारू. ती आजारी हाय, येऊन जा, असा तिच्या भावाला निरोप व्हता. निघताना म्या पाह्यलं, पारू उठून पेज पिऊन राहिली व्हती. भाऊ लई घाबरला. म्हणून म्या माझ्या पदरचं जोडलं, काळजीचं काही न्हाई. तो पेरणी उरकून चौथ्या दिवशी आला. पारू दुसऱ्याच दिवशी गेली व्हती. खोटं न्हाई बोललो, सर. पण ते निरोपात नव्हतं."

जे मला पुस्तकं रिचवून कळलं नव्हतं, ते या माणसानं पन्नास वर्षं उरात बाळगलं होतं.

त्यानंतर मीनाची रीत बदलली. प्रत्येक पर्यायावर बोट ठेवून ती पुटपुटायची, "हे त्याचं, का माझ्या पदरचं?" आणि खरं सांगतो, मीही तेच करू लागलो.

परीक्षा झाली. पुढं थावराबाबा ओट्यावरून पडले, खाटेला खिळले. मीना हिंगोलीत एका शाळेत तात्पुरती शिकवत होती. निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"सर, तांड्यावर फोन लागून न्हाई राहिला. दादाला सांगता का? मीना पास झाली. नोकरी अजून न्हाई."

मी मोटारसायकल काढली. वाटेत माझ्या मनात नुसता फुलोरा फुलत होता. नात शाळेत बाई झाली म्हणावं, ऑर्डर आलीच समजा म्हणावं. म्हातारा आता किती दिवसांचा सोबती! एवढंसं गोड बोललं तर कुणाचं काय जाणार होतं?

बाबा फार वाळले होते. पण डोळे तेच. सुनेनं तांब्या पुढं केला. माझा हात उचलला गेला, आणि मी तो मागं घेतला.

थावराबाबांनी ते पाहिलं. कोपरावर जोर देऊन ते उठून बसले. निरोप आडवं पडून ऐकायचा नसतो, बहुतेक.

मी उभ्यानंच म्हणालो, "मीनाचा निरोप आहे. मीना पास झाली. नोकरी अजून न्हाई."

"मीना पास झाली," ते सावकाश म्हणाले. "नोकरी अजून न्हाई."

"हो."

"आजून काही म्हणली?"

ऑर्डरचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"नाही, बाबा. एवढंच."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी सुनेकडचा तांब्या घेतला आणि स्वतः माझ्यापुढं धरला.

"निरोप बराबर पोचला," ते म्हणाले. "आता बसा, सर. पाणी प्या."