माफीची चटई

सेउलाने नवऱ्याची उजवी टाच तळहातावर घेतली आणि तान्ह्या मुलाला पाण्यात उतरवावं तशी गाडीच्या हौद्यातून हळूहळू खाली आणली. पाऊल वाळूला टेकलं मात्र, फालानिकोने ओठ दातांत धरला. अंगठ्याचा सांधा उकडलेल्या खेकड्यासारखा लालभडक, तकतकीत झाला होता. सांधे सुजवणारा गाऊट त्याला नवा नव्हता. पण या खेपेला वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसवत नव्हती.

"अहो, चटईखाली एकट्या भावोजींना बसू द्या ना," सेउला हलक्या आवाजात म्हणाली.

"कुळाचा प्रमुख कोण? मी की तो?"

धाकटा भाऊ ताउवासा सरपणाची मोळी उतरवत होता. "वहिनी, या बेटावर पाय न सुजलेला प्रमुख दाखवा, त्याला बसवू. मेजवानीतला पहिला वाटा यांचा, तर ठणकाही यांचाच."

कोणी हसलं नाही. तोही नाही.

पाच दिवसांपूर्वी त्यांचा भाचा इओसुआ याच्या गाडीखाली फिलेमू नावाची सहा वर्षांची मुलगी सापडून दगावली. चर्चमधून घरी निघाली होती. इओसुआ पोलिसांच्या कोठडीत होता. पण कोठडीने इथलं काही मिटत नसतं. चूक एकाची असली तरी मान साऱ्या कुळाने खाली घालायची. उजाडता उजाडता मेलेल्याच्या दारात जाऊन बसायचं, घराण्यातली सर्वांत जुनी, तलम चटई डोक्यावरून पांघरायची, पुढ्यात सरपण आणि चुलीचे दगड मांडायचे. हवं तर भाजा, आम्ही तुमचेच आहोत. आतून कोणी येऊन चटई उचलली, तर माफी. नाही उचलली, तर गाव सोडायचं. फालानिकोच्या घरावर दोनदा दगड आलेच होते, आणि त्या घरात सेउलाची आंधळी आई होती, इओसुआची दोन लेकरं होती.

फिलेमूच्या दारासमोर दोघे भाऊ मांडी घालून बसले. पाय लांब करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. फालानिकोने दुखरं पाऊल हाताने ओढून मांडीखाली घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर काहीच उरलं नाही. सेउलाने दोघांवर चटई पांघरली आणि ती रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली.

चटईखाली जुन्या गवताचा आणि घामाचा वास होता. फालानिकोने फिलेमूचा विचार करायचं ठरवलं. चेहरा आठवेना, त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने स्तोत्र म्हणायला घेतलं. दुसऱ्या ओळीपाशी सांध्यात कोणी तापलेला खिळा फिरवला आणि तिसरी ओळ हरवली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच.

ऊन वर आलं. घरातून भांड्यांचा, कोणाच्या खोकण्याचा आवाज येत होता. चटई उचलायला कोणी येत नव्हतं. चटईखाली शिरलेली एक माशी मांडीबाहेर राहिलेल्या अंगठ्यावर बसली. तिचं चालणं त्याला एकेका पावलागणिक कळत होतं, आणि तिला हाकलण्यासाठी हात हलवायची मुभा नव्हती. देवा, पाय तोडून टाक, एवढंच त्याच्या मनात आलं. त्या मुलीसाठी मागायला आलेला माणूस पायासाठी मागत होता.

मग त्याला रडू फुटलं. आधी नुसतं पाणी, मग हुंदके. अठ्ठावन्न वर्षांचा तो धिप्पाड माणूस असा रडू लागला की वरची चटई गदगदा हलू लागली.

"दादा," ताउवासा कुजबुजला, "अरे, हळू."

घरातले आवाज थांबले. पावलं जवळ आली. चटई उचलायची ती घरातल्या वडीलधाऱ्याने. पण उचलली फिलेमूच्या आईने, अपाउलाने. तिचे केस सुटलेले होते. ती फालानिकोच्या भिजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"पाच दिवस माणसं येतायत," ती म्हणाली. "डोळे पुसतात आणि जेवायला बसतात. माझ्या पोरीसाठी असं कोणी रडलं नाही."

तिच्यामागे तिचा सासरा आसोमुआ काठी टेकत आला होता. त्याने सुनेकडे पाहिलं, मग होकाराची मान डोलावली. "चला आत. झालं ते देवाच्या हवाली."

"बाई, मी..." फालानिकोने तोंड उघडलं.

ताउवासाची बोटं त्याच्या दंडात रुतली. फालानिकोने तोंड मिटलं.

त्याला उठता येईना. चौघांनी उचलून आत नेलं. "दुःखानं पाय गेले बिचाऱ्याचे," कोणीतरी म्हणालं.

निघताना अपाउला गाडीपर्यंत आली. "काका, उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेला याल? मला अजून रडता येत नाही हो. तुम्ही रडलात ना, तेव्हा पहिल्यांदा इथे काहीतरी हललं." तिने छातीवर हात ठेवला. "रोज याल?"

"येईन," तो म्हणाला.

दुपारी सेउला चालत दवाखान्यात गेली आणि परिचारिकेकडून गोळ्या घेऊन दिवस कलताना परतली. फालानिको भिंतीला टेकून बसला होता. पाय केळीच्या पानावर ठेवलेला.

"उद्यापर्यंत पुष्कळ उतार पडेल म्हणाली ती," सेउलाने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

त्याने गोळी तळहातावर घेतली. पण तोंडात टाकली नाही.

"सकाळपासून मी त्या पोरीसाठी रडायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "त्यांनी तिचा फोटो दाखवला. पुढचा एक दात पडलेला. मी बघितलं. काही झालं नाही, सेउला."

तिने त्याच्या पायाखालचं पान सारखं केलं.

"आणि उद्या पाय बरा असला तर?"

सांजप्रार्थनेचा शंख वाजला. गावातली दारं मिटू लागली, रस्ता ओस पडला. लग्नापासून सेउलाची ही प्रार्थना एकदाही चुकली नव्हती. आज ती गुडघे टेकायचे सोडून नवऱ्यासमोर उभीच राहिली. शेजारून भजनाचा पहिला सूर आला, तेव्हा तिने त्याच्या तळहातावरची गोळी उचलली आणि पेल्यातलं पाणी दाराबाहेर ओतून दिलं.