एक जूनचे अकरा

अकरा माणसांच्या जागी एक हापूस आंबा! बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

थांबा, नीट सांगते. मी कांता. वय त्र्याहत्तर, कागदावर. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, तीन पुस्तकं लिहिली, आणि आता अमेरिकेत, टेक्सासातल्या अर्विंगला मुलाकडे, बुद्धभूषणकडे असते. इथल्या मंडळानं यंदा मराठी लेखकांचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. ज्या तारखेला जो जन्मला, त्या चौकोनात त्याचं नाव आणि छोटा फोटो. मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव, मूळचे पुण्याचे, जवळच्याच प्लेनो गावात हे मोठ्ठं घर. त्यांनी स्वतः फोन केला. "कांताताई, खेड्यापाड्यांतली नावं पाठवा ना, आमच्यापर्यंत न पोचलेली." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चार दिवस खपून चौदा नावं काढली. माझी नात उपासना बारा वर्षांची, तिनं फॉर्म भरून दिला.

नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर कच्चं कॅलेंडर आलं. चौदातली तीन नावं जागेवर होती. उरलेली अकरा गायब. त्या अकरांत मी होते आणि माझी मैत्रीण रत्ना होती. आम्हा अकराही जणांचा वाढदिवस एकच, एक जून. आणि एक जूनच्या चौकोनात काय, तर आंबा. पिकलेला, देठाला पान असलेला.

"आई, काहीतरी मिस्टेक झाली असेल, तू शांत हो," भूषण म्हणाला.

"मी शांतच आहे!" मी ओरडले आणि मनोहररावांना फोन लावला.

"अहो ताई, अकराच्या अकरा जण एकाच दिवशी जन्मतील का?" ते हसले. "आपला सिद्धेश डेटाचं बघतो ना, त्यानं पकडलं. म्हणाला, या खऱ्या तारखा नव्हेत, शाळेतले मास्तर सरसकट टाकायचे. डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात त्याला. मग त्यानं डेटा क्लीन केला. माझ्या तर ध्यानातही आलं नसतं."

क्लीन केला! म्हणजे आम्ही कचरा.

"बरं, तुम्ही असं करा," ते पुढं म्हणाले, "तुमची ओरिजिनल तारीख सांगा. आई काहीतरी बोलली असेलच, अमुक सण, तमुक तिथी. माझ्याकडे जुनी पंचांगं आहेत, काढून देतो. तुमचं नाव तिथं टाकू, फोटोसकट."

"आणि रत्नाची तारीख?"

"त्या तर गेल्या ना? आता कुणाला विचारणार? राहू द्या त्यांचं. फाइल पुढच्या शुक्रवारी प्रिंटला जाते, त्याआधी या रविवारी मीटिंगला या, बोलू."

म्हणजे मी तारीख सांगितली की मी आत, रत्ना बाहेर. बाकीचे नऊही बाहेर. मी फोन ठेवून दिला.

रत्नाचं सांगते. आम्ही एका वस्तीतल्या. शाळेत नाव घालायला आमचे दोघींचे बाप एकाच दिवशी गेले. गुरुजींनी विचारलं, पोरगी कधी जन्मली? माझा बाप म्हणाला, मोठा पूर आला त्या साली. रत्नाचा बाप म्हणाला, हिच्याएवढीच आहे जी. गुरुजींनी आमचा उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावून डावा कान धरायला सांगितला. धरता आला, म्हणजे सहा वर्षं पुरी. शाळा जूनमध्ये उघडलेली, म्हणून दोघींपुढं लिहिलं, एक जून. झालं! आमच्या घराण्यात कुणाचं नाव कागदावर पहिल्यांदा उमटलं ते असं.

पुढं मी मास्तरीण झाले, रत्ना अंगणवाडीत लागली. मुलांना खिचडी वाढता वाढता कविता लिहायची. एकच पुस्तक निघालं, तीनशे प्रती. दर एक जूनला तिचा फोन यायचा, "जन्मलीस का गं?" मी म्हणायची, "जन्मले. तू?" "मी कधीच! तू उशिरा उठतेस." मग दोघी हसत सुटायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या, त्यांना वाळवी लागली. एक धड प्रत मी बॅगेत साड्यांच्या मधे घालून इथं आणली. तिचं नाव आता दुसरीकडे कुठं छापून येणार होतं, सांगा बरं?

रात्री जेवताना भूषण म्हणाला, "आई, तू चौदा एप्रिल सांगून टाक ना. कोण चेक करतंय?"

"तो दिवस ज्यांचा आहे त्यांचा. मी त्यात चोरून घुसू? आणि माझ्याकडे माझा दिवस असताना उसना कशाला मागू?"

"Aji, so you don't know your real birthday?" उपासनानं विचारलं. "That's so sad."

"काय सॅड? तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईला तरी शुद्ध होती का? तुला तरी कुठं आठवतंय? कुणीतरी कागदावर लिहिलं म्हणूनच तुला कळलं ना? मलाही तसंच कळलं. फक्त सहा वर्षं उशिरा."

ती म्हणाली, "Okay, fair." आणि पोळी संपवली.

रविवारी दुपारी भूषणनं मला प्लेनोला सोडलं. त्याला उपासनाला क्लासला न्यायचं होतं. मी डब्यात शेंगदाण्याचे लाडू नेले होते. भांडायला जायचं म्हणून काय रिकाम्या हातानं जायचं? मनोहररावांच्या बैठकीत सात-आठ जण होते. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन सिद्धेश. तिशीतला, दाढी नीट कोरलेली. मागच्या वर्षी व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून इकडे बदलून आलेला. विचारलं की पुण्याचा म्हणून सांगतो.

"बोला ताई, कुठली तारीख धरायची?" मनोहररावांनी खरंच दोन जाडजूड पंचांगं टीपॉयवर मांडून ठेवली होती.

"एक जून."

"अहो, पण ती खरी नाही ना."

"मनोहरराव, तीच तारीख माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे. नोकरीच्या ऑर्डरवर आहे, पेन्शनवर आहे, पासपोर्टवर आहे. मुंबईला व्हिसाच्या खिडकीत त्या गोऱ्या पोरीनं वाचली आणि शिक्का मारला. अख्ख्या अमेरिकेला चालली, आणि तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला चालत नाही? नाकापेक्षा मोती जड झाला की हो!"

एक-दोघांना हसू आलं. मनोहररावांना नाही.

"ताई, भावना समजतात. पण हा ॲक्युरसीचा प्रश्न आहे. उद्या कुणी म्हणेल, मंडळाला एवढंही कळत नाही. आणि जन्म म्हणजे जन्म. तो काय शाळेत होतो?"

"माणसाचा नसेल होत. लेखकाचा होतो," मी म्हणाले. आता आवाज चढला होता, चढू दे. "तुमच्या घरी बाळ रडायच्या आधी भटजी घड्याळ घेऊन बसलेले असायचे. आमचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही, कारण लिहिणारंच कुणी नव्हतं. ज्या दिवशी आमचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, त्या दिवसापासून आम्ही लिहायला लागलो. लेखकांचंच कॅलेंडर आहे ना तुमचं? मग त्याच्याइतकी खरी तारीख दुसरी कुठली आहे? आणि मी स्वतः एकतीस वर्षं पोरांच्या नावापुढं एक जून लिहिलाय, याच हातानं. शेकड्यांनी पोरं जन्माला घातली मी. आणा माझ्यापुढं कुणीतरी, आणि म्हणा की ती खोटी आहेत!"

सिद्धेश स्क्रीनकडे बघत बारीक आवाजात म्हणाला, "काकू, बॉक्सची साइझ फिक्स आहे. अकरा फोटो बसणारच नाहीत."

"फोटो मागतंय कोण? नावं घाल, बारीक अक्षरात. आम्हाला दाटीवाटीत बसायची सवय आहे."

त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मनोहररावांना माहीत नव्हतं. खोलीतल्या कुणालाच ते आधी सुचलं नव्हतं. मग या पोराला कसं कळलं, एक जून म्हणजे मास्तरांची तारीख? ज्याच्या घरात तसा दाखला आहे त्यालाच ते कळतं. चोराच्या मनात चांदणं!

प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. तुझ्या बापाचा वाढदिवस कधी असतो रे बाळा? तेवढं विचारलं असतं तर डाव माझा होता. पण त्याचे कान लाल झाले होते. एकतीस वर्षांत मी एकाही पोराला सगळ्यांदेखत बाकावर उभं केलं नाही. गिळला प्रश्न.

"माझं एकटीचं नाव कुठंही टाकायचं नाही," मी मनोहररावांना म्हणाले. "अकराच्या अकरा, नाहीतर ठेवा तुमचा आंबा. रत्नाला बाहेर ठेवून मी आत बसणार नाही."

"मग नाइलाज आहे, ताई. कमिटीचं ठरलंय."

"तर मग जयभीम," मी म्हणाले आणि उठले.

बाहेर येऊन भूषणच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. हरले होते, कळत होतं. रत्ना असती तर म्हणाली असती, तोंड वाजवलंस ना, बस्स. पण मला बस्स वाटत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला राग आला.

मागून सिद्धेश धावत आला. "काकू, डबा राहिला तुमचा."

डबा घेतला. आता आजूबाजूला कुणी नव्हतं. "वडिलांची तारीख काय रे?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक जून."

"काय करायचे?"

"एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. परभणीला."

"आणि?"

"आणि... गाणी लिहायचे. शाहिरी. जयंतीला गायचे, गाडीवर उभे राहून. सगळं वहीत, छापलं कुणीच नाही. करोनात गेले. काकू, इथं मी कुणाला हे सांगत नाही. विनाकारण... यार, लोक लगेच दुसरे प्रश्न विचारतात. आणि ऑफिसमध्ये डेटातल्या असल्या ओळी, रो, रोज डिलीट करतो मी, हात आपोआप जातो."

"अरे गाढवा," मी म्हणाले, "रो काढताना कोण आहे ते तरी बघत जा. एखाद्या दिवशी स्वतःलाच काढून बसशील."

तेवढ्यात भूषणची गाडी आली. वडिलांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग शुक्रवार गेला, थँक्सगिव्हिंग गेलं. मी कॅलेंडरचा विषय घरात काढू दिला नाही. भूषणनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी कुकरची शिटी मोजत बसले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात सिद्धेश, हातात गुंडाळी.

"आलं का तुमचं आंब्याचं कॅलेंडर?" मी विचारलं.

"आलं. मनोहर काका भयंकर चिडलेत. मला कमिटीतून काढलं."

"का?"

"फायनल फाइल माझ्याकडे होती. प्रिंटला जाताना मी ती बदलली. त्यांनी ग्रुपवर विचारलं, हे कुणी केलं? मी लिहिलं, मी केलं. पाचशे कॉपी छापून झाल्यात, आता काही होत नाही."

मी गुंडाळी हिसकावलीच. जून काढला. आंबा नव्हता. पहिल्याच चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरांत नावं, खालीवर, अगदी दाटून बसलेली. उपासनानं चष्मा आणून दिला. सगळ्यात वर रत्ना होती. आख्खं नाव, पुस्तकाच्या नावासकट.

मास्तरणीला नावांची यादी दिसली की दुसरं काही सुचत नाही. मी हजेरीच घ्यायला लागले, मोठ्यानं. रत्नाचं नाव घेतलं आणि तिच्या वतीनं मीच म्हणाले, "हजर." उपासना जवळ येऊन उभी राहिली. पुढच्या नावाला ती म्हणाली, "हजर." त्याच्या पुढच्यालाही तीच. माझ्या स्वतःच्या नावाला आम्ही दोघी एकदम म्हणालो. अकरा झाली.

आणि खाली आणखी एक होतं. बारावं. हे नाव मी पाठवलं नव्हतं.

वर बघितलं. सिद्धेश अजून दारातच उभा होता, हातात बूट. मी चष्मा नीट केला, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला.

"शाहीर शंकरराव!"

"हजर, बाई," सिद्धेश म्हणाला.