थंडाबाईचं परकर-पोलकं

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात उदगीर रस्त्यावरच्या एका गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. सरपंच गुंडप्पांनी चार अर्ज केले तेव्हा कुठं टँकर मंजूर झाला. पहिल्या टँकरच्या पूजेला लातूरहून खुद्द कलेक्टर साहेब येणार असा निरोप आला, आणि गुंडप्पा काखेत थर्मास घेऊन जगदेवीच्या ओसरीवर हजर झाले.

जगदेवी गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. नवरा पंचाक्षरी याचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या ओसरीवरच तिची मशीन.

"अक्का, ह्याला कपडा शिव," गुंडप्पा म्हणाले. "मेव्हण्यानं हैदराबादहून आणलाय, पण चुलीजवळ ठेवला अन् एका अंगानं वितळला बघ. साहेबाला थंड पाणी ह्यातलंच द्यायचं हाय. डाग दिसू नये."

"कधी पाहिजे?"

"उद्या सकाळी."

थर्मास पाच लिटरचा होता, खाली तोटी असलेला. जगदेवीनं त्याच्याभोवती टेप गुंडाळली. "छाती सव्वीस, कंबरबी सव्वीस," ती पुटपुटली. "सरळसोट बाई हाय."

शिवताना मात्र तिला राहवेना. हिरव्या खणाचा तुकडा होता, त्याला आतून कापसाचा थर देऊन तिनं धावदोरा घातला, म्हणजे गारवा टिकेल. खाली लाल काठाची झालर चुण्या घालून लावली. झाकणाला पदरासारखी टोपी केली आणि तिला जरीची किनार. तोटीपुढं पडदा सोडला. तो एकावर एक असा दुमडून आतून हूक लावलेला. बाहेरून कुठं उघडतो ते कळायचंच नाही. या हुकावर तिचा फार जीव होता.

पंचाक्षरीनं बघितलं. "पाणी प्यायचं हाय का लगीन लावायचं हाय ह्याचं?"

"धूळ किती उडायलीय! तोटी झाकायला नको?" जगदेवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापुढं मंडप उभा राहिला. गुंडप्पांनी उदगीरहून बर्फ आणवून थर्मास भरला. गावात धड टेबल एकच, त्यामुळं नारळ, हळदीकुंकू, उदबत्ती यांच्या मधोमध थर्मासही तिथंच ठेवला, आणि ते साहेबांना आणायला फाट्यावर गेले.

तेवढ्यात केवळाबाई आल्या. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. टेबलावर हिरवं नेसलेली, पदर घेतलेली कुणीतरी बसलेली त्यांना दिसली. त्यांनी हात जोडले, कुंकू लावलं, पूजेच्या तांदळानं ओटी भरली. मागून आलेल्या बायकांना वाटलं, केवळामावशी करतायत म्हणजे काहीतरी असणारच. त्यांनीही कुंकू लावलं. जगदेवी पाण्याच्या रांगेत घागर मांडून येईपर्यंत थर्मासच्या गळ्यात शेवंतीचा हार पडला होता.

आणि जीप आली. साहेब उतरले, टेबलाजवळ आले, बूट काढले आणि वाकून नमस्कार केला. गुंडप्पा जीपमधून घाईनं उतरून पुढं आले. साहेबांनी थर्मासला हात जोडले, आता त्यांना काय सांगायचं?

"कोणती देवी म्हणायची ही?" साहेबांनी विचारलं.

"ही... थंडाबाई, साहेब," गुंडप्पांच्या तोंडून गेलं.

"जागृत असेल?"

"लई."

साहेबांनी टँकरपुढं नारळ फोडला आणि भाषणाला उभे राहिले. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवी उमेद असं बोलता बोलता "थंडाबाईच्या कृपेनं" दोन वेळा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला. "जरा पाणी मिळेल का?"

टँकरचं पाणी उन्हात तापून चहासारखं झालेलं. थंड पाणी जिथं होतं तिथं हार, कुंकू आणि तांदूळ. गुंडप्पा टेबलाकडं बघायचे, साहेबांकडं बघायचे. पेला हातात घेऊन ते नुसते उभेच राहिले.

बायकांच्या घोळक्यातली जगदेवी तापली होती. साहेब तहानेनं मरो की जगो, तिच्या हुकाकडं अजून एकाही माणसानं बघितलं नव्हतं. ती पुढं आली. गुंडप्पांच्या हातातला पेला घेतला.

"अक्का, नको," गुंडप्पा कुजबुजले.

तिनं देवीच्या परकराला हात घातला. बायकांत "अगंबाई!" झालं. हूक निघाला, पडदा सरला, तोटी फिरली, आणि पेल्यात बर्फाचं पाणी पडलं. दोन म्हाताऱ्यांनी तिथंच लोटांगण घातलं.

साहेबांनी पेल्याकडं बघितलं, मग तोटीकडं. "हे काय आहे, बाई?"

"थर्मास हाय साहेब. गुंडप्पाअण्णांचा. कपडा माझा."

साहेबांनी घोट घेतला आणि त्यांना इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. जीपच्या ड्रायव्हरनं त्यांची पाठ चोळली. ठसका थांबल्यावर त्यांनी दुसरा पेला मागितला आणि पडदा स्वतः उघडून बघितला. तीनदा प्रयत्न केला तरी हूक परत लागेना.

"आतून लावायचा असतो," जगदेवी म्हणाली. तिचा राग गेला होता.

केवळाबाईंना कुणीतरी कानात ओरडून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पाणी आलं न्हाई का तिच्यातून? आलं न्हवं?" आणि त्यांनी आपली ओंजळ पुढं केली. मग सगळ्यांनीच केली. पाच लिटर पाणी पाच मिनिटांत संपलं.

आठ दिवसांनी लातूरच्या कचेरीतून कागद आला. साहेबांच्या थर्मासला तसंच कव्हर हवं होतं आणि सोबत लांबी-रुंदी लिहिलेली होती. जगदेवीनं उलट निरोप पाठवला, की कागदावरच्या मापावर मी कुणाचंच पोलकं शिवत नाही. मग ती एस.टी.नं लातूरला गेली. पंचाक्षरी पिशवी धरून मागं. साहेबांच्या खोलीत चार कारकून फायली सोडून बघायला जमले, आणि तिनं टेप काढून सगळ्यांदेखत थर्मासची छाती मोजली.

"तीस," ती साहेबांना म्हणाली. "तुमची जरा अंगानं भरलेली हाय. चुण्या कमी घालते."